चौथा रकाना

दालनं संपवून बाहेर पडताना दाराच्या डाव्या हाताला एक लाकडी टेबल आहे. त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही आणि वहीला सुतळीने बांधलेलं पेन. जिल्ह्याच्या गावातल्या त्या जुन्या दगडी इमारतीत मी सकाळपासून होते. आवारातले वीरगळ, आतल्या तलवारी, गंजिफाचे गोल पत्ते, मोडीतली पत्रं असं सगळं पाहून झालं होतं. वही सहज उघडली. पानावर चार रकाने आखलेले होते : नाव, गाव, अभिप्राय, मोबाइल.

‘खूप छान, पुन्हा येऊ.’ ‘तलवारी आवडल्या.’ ‘पिण्याच्या पाण्याची सोय करावी.’ एका मुलाने अभिप्रायाच्या जागी तोफच काढली होती. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी दहा आकडे. मी मागची पानं चाळत गेले. एका पानाची उजवी कड एका ओळीपुरती फाडलेली होती. फाडलेल्या जागेच्या अलीकडे एका मुलीचं नाव, तिचं गाव आणि ‘मोडी पत्रं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली’ एवढं शिल्लक होतं. पुढे आणखी दोन पानं तशीच निघाली.

“पोरं नेतात फाडून,” शेजारी उभे असलेले पहारेकरी काका म्हणाले. “किती वेळा हटकलं. पण मी आत गेलो की वही उघडीच.”

या अंकासाठी संपादकांनी ‘जपणूक’ हा विषय ठरवला आणि मला संग्रहालयांकडे पाठवलं. मूर्तींची झीज, पोथ्यांची कसर, शस्त्रांवरचा गंज कसा थोपवतात ते लिहावं, असं आमचं बोलणं झालं होतं. त्या फाटक्या पानापाशी माझा विषय बदलला. संग्रहालय वस्तू जपतं हे आपण जाणतो. त्या पाहायला येणाऱ्या माणसाची ओळख ते कशी जपतं, हे पाहायचं मी ठरवलं. त्यासाठी तीन ठिकाणी गेले : हे जिल्ह्याचं संग्रहालय, मोठ्या शहरातलं एक नावाजलेलं, आणि एका कुटुंबाने उभं केलेलं खासगी. तिन्हींचीही नावं इथे देत नाही. तिथल्या माणसांनी विश्वासाने कपाटं आणि संगणक उघडून दाखवले, त्या विश्वासाचा मान राखला पाहिजे.

खिडकीवर काय काय उरतं

तिकिटाच्या खिडकीवर पूर्वी पावतीपुस्तक असायचं. पैसे दिले, पावती फाटली, आत गेलो. स्थळप्रतीवर फक्त अनुक्रमांक आणि रक्कम राहायची. आपण कोण, कुठले, याची काहीच खूण त्या खिडकीपाशी उरत नव्हती.

आता मोठ्या शहरातल्या त्या संग्रहालयाच्या कार्यालयात बसून, एका पाहुण्याच्या किती खुणा तिथे उरतात ते मी मोजू लागले. ऑनलाइन तिकीट काढलं तर नाव, ईमेल, मोबाइल. परदेशी पाहुण्याला दर वेगळा, म्हणून राष्ट्रीयत्व. विद्यार्थ्याला सवलत, म्हणून महाविद्यालयाचं ओळखपत्र. खिडकीवर क्यूआर कोडने पैसे भरले तर घेणाऱ्याच्या पडद्यावर देणाऱ्याचं नाव उमटतं. सामानघरात पिशवी ठेवताना पुन्हा नाव आणि नंबर. मातीकामाच्या कार्यशाळेसाठी गूगल फॉर्म, त्यात मुलाचं वय, शाळा, आईचा नंबर आणि कशाची ॲलर्जी आहे का तेही. अभ्यासकाला हस्तलिखित पाहायचं असेल तर अर्जाला आधार कार्डाची झेरॉक्स. देणगीदाराचा पॅन. संग्रहालयाच्या दुकानात पोस्टकार्ड घेताना बिलासाठी पुन्हा मोबाइल नंबर. आणि डोक्यावर सगळीकडे कॅमेरे.

यातलं काही लागतंच. देणगीवर करसवलत द्यायची तर देणगीदाराचा तपशील आयकर विभागाला कळवावा लागतो, त्याला इलाज नाही. कार्यशाळेत मुलाला काही झालं तर आईला फोन करावा लागेल. पण पोस्टकार्डाच्या बिलाला नंबर कशाला? मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं होतं की मोबाइल नंबर दिल्याशिवाय वस्तू विकणार नाही अशी सक्ती करू नका. संग्रहालयातलं दुकानही दुकानच.

जिल्ह्याच्या संग्रहालयात परत जाऊन मी अभिरक्षकांना तोच प्रश्न विचारला, वहीतला चौथा रकाना कशासाठी? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आधीच्या वहीत होता म्हणून. छापखान्यात जुनी वही नमुना म्हणून देतो.” त्यांच्या आठवणीत तरी त्या नंबरांवर संग्रहालयातून कधी कुणी फोन केलेला नव्हता. कुणालाही न लागणारी माहिती हजारो माणसांकडून घेतली गेली, आणि तिचा उपयोग झाला तो कडा फाडून नेणाऱ्यांना. मला हे लहानसहान वाटत नाही. त्या मुलीला पुढे किती दिवस नको ते संदेश आले असतील, ते तिलाच ठाऊक.

ॲक्सेशन रजिस्टर

याच अभिरक्षकांनी मला त्यांचं ॲक्सेशन रजिस्टर दाखवलं, तेव्हा मात्र मी थक्क झाले. संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू या नोंदवहीत शिरल्याखेरीज संग्रहाची होत नाही. पानांना छापील क्रमांक, त्यामुळे एखादं पान काढलं तर लगेच कळतं. नोंद चुकली तर खाडाखोड करायची नाही. एक रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची, शेजारी सही आणि तारीख. वस्तूवर तिचा क्रमांक सहज दिसणार नाही अशा जागी, आधी पारदर्शक लेप देऊन त्यावर बारीक अक्षरात घालतात, म्हणजे उद्या काढायचा झाला तर वस्तूला इजा होत नाही. पितळी अडकित्ता एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला तरी चिठ्ठी राहते : कुणी हलवला, कधी, कुणाच्या परवानगीने.

“आणि पाहुण्यांची माहिती कुठे असते?” मी विचारलं.

उत्तर तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने सारखंच आलं. काही त्या संगणकावर. काही मॅडमच्या लॅपटॉपवर. कार्यशाळांच्या याद्या मागच्या वर्षी इंटर्नशिपला आलेल्या मुलीच्या ईमेलवर, ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. ऑनलाइन तिकिटांची माहिती कंत्राटदार कंपनीकडे. आधारच्या झेरॉक्स खालच्या खणात, अर्जांबरोबर टाचलेल्या. एका संगणकाचा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर होता. एका अडकित्त्याचा माग ठेवणाऱ्या घरात माणसांच्या ओळखीचा माग कुणाकडेच नव्हता.

हे आळसातून झालेलं नाही. या माणसांची मेहनत मी पाहिली आहे. खासगी संग्रहालयातल्या बाई पावसाळ्यात रोज सकाळी स्वतः प्रत्येक काचपेटीतली दमटपणाची नोंद घेतात. पाहुण्याचं नाव आणि नंबर हीसुद्धा सोपवलेली ठेव आहे, ही कल्पनाच त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलेली नाही. आणि अडचण त्याहून खोल आहे. काही टाकायचं नाही, हा संग्रहालयाचा धर्म. आज निरुपयोगी वाटणारा तुकडा शंभर वर्षांनी बोलू लागतो, या श्रद्धेवर ही घरं उभी आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरून, अडगळीतून जी भांडी, दिवे, अडकित्ते, वेण्याफण्या जमवल्या, त्या कुणीतरी टाकून द्यायच्या बेतातच होतं. त्यांनी त्या जपल्या म्हणून आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपल्या पणज्यांचं घरदार आपल्याला पाहायला मिळतं. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला ‘काम झालं की ही यादी पुसून टाका’ असं सांगणं म्हणजे त्याच्या हाताच्या सवयीविरुद्ध जाणं. तरी ते सांगावंच लागणार आहे.

या तीन इमारतींत आपणहून विसरणारी एकच गोष्ट मला आढळली. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची जागा भरली की जुन्या दिवसांवर नवे दिवस चढतात. बाकी सारं साचत जातं.

साचलेलं बाहेर पडतं तेव्हा

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचे संगणक बंद पडले. ऱ्हायसिडा नावाच्या टोळीने आत शिरून सुमारे ६०० जीबी माहिती पळवली होती. खंडणी मागितली गेली. लायब्ररीने ती दिली नाही आणि माहिती उघड्यावर फेकली गेली. वाचकांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती त्यात होती. मार्च २०२४ मध्ये लायब्ररीने स्वतःचा अहवाल प्रसिद्ध केला. स्वतःच्या चुका इतक्या मोकळेपणाने मांडणारी कागदपत्रं सार्वजनिक संस्था क्वचितच काढतात. बाहेरच्या सहकाऱ्यांना आत येता यावं म्हणून ठेवलेल्या एका सर्व्हरला पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा नव्हती, आणि चोर बहुधा तिथूनच आले. आत आल्यावर त्यांनी ज्यांच्या नावात ‘पासपोर्ट’, ‘कॉन्फिडेन्शियल’ असे शब्द आहेत अशा फायली शोधल्या. टाचणीने जोडलेल्या त्या आधारच्या झेरॉक्स मला हे वाचताना आठवल्या. उद्या त्या स्कॅन होतील आणि फायलीचं नाव बहुधा ‘आधार’च असेल.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. देणगीदार आणि सभासद यांच्या याद्या सांभाळण्याचं सॉफ्टवेअर ब्लॅकबॉड ही कंपनी देते. जगभरची विद्यापीठं, धर्मादाय संस्था, संग्रहालयं तिची गिऱ्हाइकं. २०२० मध्ये तिच्याकडची माहिती चोरीला गेली, कंपनीने खंडणीही दिली. पुढे फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिच्यावर जे आरोप ठेवले, त्यांतला एक मला फार महत्त्वाचा वाटतो : गरज संपलेली माहिती तिने वर्षानुवर्षं साठवून ठेवली होती, सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांचीसुद्धा. वेळीच पुसलं असतं तर तेवढं तरी चोरांच्या हाती लागलं नसतं.

आणि कीबोर्डखालच्या चिठ्ठीविषयी. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्हरमधून भरदिवसा राजघराण्याचे दागिने चोरीला गेले. त्यानंतर ‘लिबेरासिऑन’ या फ्रेंच दैनिकाने २०१४ च्या सुरक्षा तपासणीची कागदपत्रं छापली. त्या तपासणीच्या वेळी कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड होता ‘लूव्हर’.

ही सगळी चोरांची गोष्ट झाली. पण साठवलेली नावं हाती लागण्यासाठी चोरच लागतो असं नाही. ॲमस्टरडॅममध्ये प्लांताझे केर्कलान नावाचा रस्ता आहे. डच प्रतिकाराचं संग्रहालय याच रस्त्यावर आहे. तिथून जवळच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराचं नोंदणी कार्यालय होतं. प्रत्येक रहिवाशाचं एक कार्ड, त्यावर नाव, पत्ता आणि धर्म. नगरपालिकेच्या सोयीसाठी, कुठलाही वाईट हेतू न ठेवता, कारकुनांनी ती नीटनेटकी भरली होती. नाझी आले तेव्हा ज्यूंची घरं शोधायला त्यांना तयार यादी मिळाली. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही कलावंत आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात आत शिरले, कार्डांचे ढीग रचून त्यांनी स्फोट घडवला आणि आग लावली. जळालं ते सुमारे १५ टक्के. चित्रकार विलेम आरोन्देउस यांच्यासह बारा जणांना जुलैमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. एक रकाना पुसण्यासाठी माणसांनी प्राण दिले. आपल्या अभिप्राय वहीची त्या कार्डांशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण माहिती गोळा करताना गोळा करणाऱ्याचा हेतू चांगला असणं पुरत नाही, हे त्या रस्त्यावर कायमचं लिहिलं गेलं आहे.

सहलीची यादी

डिसेंबर-जानेवारीत सहलींचा हंगाम. मी खासगी संग्रहालयात होते त्या दिवशी दोन बस भरून मुलं आली. शाळेच्या बाईंच्या हातात मुख्याध्यापकांचं पत्र, सोबत सत्त्याऐंशी मुलांची यादी : नाव, इयत्ता, तुकडी, पालकांचा नंबर. सवलतीच्या तिकिटासाठी ही यादी लागते. पत्र हातात, आणि तीच यादी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवरही आलेली. खिडकीवरच्या माणसाच्या फोनमध्ये त्या हंगामातल्या साऱ्या शाळा एकाखाली एक होत्या, आणि फोन त्याचा स्वतःचा होता.

सवलत द्यायला काय लागतं? शाळेचा शिक्का आणि मुलांचा आकडा. सत्त्याऐंशी नावांची गरज खिडकीला नाही, ती बसमध्ये हजेरी घेणाऱ्या बाईंना आहे. मी हे म्हटल्यावर संग्रहालयाच्या बाईंनी तिथल्या तिथे खिडकीवरच्या माणसाला बोलावलं, फोनमधल्या याद्या पुसायला लावल्या आणि पुढच्या शाळांना पाठवायच्या पत्राचा मजकूर बदलला. पाच मिनिटांचं काम होतं.

फोटोंचं इतकं सोपं नाही. मुलं मातीचे घोडे करताहेत, चिखलाने हात भरलेत, असा फोटो फेसबुकवर टाकला की संग्रहालयाची प्रसिद्धी होते. पण फोटोखाली शाळेचं नाव, गावाचं नाव, तारीख, आणि मुलांच्या खिशांवर नावपट्ट्या. बाई आता पाठमोरे किंवा फक्त हातांचे फोटो टाकतात. मातीत रुतलेले ते इवलेसे हात मला तरी चेहऱ्यांपेक्षा जास्त सांगून गेले.

गर्दीविषयी शिकायला संग्रहालयाला नावं लागतात, हाही समजच आहे. एमआयटीच्या सेन्सिएबल सिटी लॅबच्या संशोधकांनी लूव्हरमध्ये ब्लूटूथचे संवेदक लावून पाहुण्यांचे मार्ग अभ्यासले होते. फोनची खूण सांकेतिक रूपात बदलून घेतली, त्यामुळे माणूस कोण ते कळत नव्हतं, फक्त कुठल्या दालनातून कुठल्या दालनात गेला एवढंच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की थोडा वेळ थांबणारे आणि खूप वेळ रेंगाळणारे साधारण सारख्याच वाटांनी फिरतात. आणि आपले जिल्ह्याचे पहारेकरी काका? त्यांच्या हातात खटका दाबायचा मोजणीचा डबा असतो. माणूस आला की एक खटका. रोजची गर्दी, वाराप्रमाणे, सुट्टीप्रमाणे त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यात एकाही माणसाचं नाव नाही.

कायदा कुठून सुरू होतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती घेणाऱ्या संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियमांपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात.

संग्रहालयाच्या दृष्टीने त्यातलं काय महत्त्वाचं? माहिती कशासाठी घेतो ते आधी साध्या शब्दांत सांगायचं, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हवी त्या भाषेत मिळण्याची सोय ठेवायची. म्हणजे मराठीत मागण्याचा आपला हक्क आहे. काम संपलं की, नियमांतल्या किमान मुदती पाळून, माहिती पुसायची. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती. शैक्षणिक संस्थांना यात काही मर्यादित सूट आहे, पण संग्रहालय त्यात बसतं असं धरून चालता येणार नाही. माहिती फुटली तर ज्यांची आहे त्यांना आणि माहिती संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला ७२ तासांत सविस्तर. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि तिकिटांचं काम कंत्राटदाराला दिलं, तरी त्याच्याकडून झालेल्या चुकीला संग्रहालयच जबाबदार. मोठ्या शहरातल्या त्या कार्यालयात हे ऐकून पहिल्यांदाच कुणीतरी कंत्राटाची फाइल काढायला उठलं.

पण हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. कागदावर लिहून कागदावरच राहिलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. लाल पुठ्ठ्याची ती वही, तिचा चौथा रकाना, फाडलेल्या कडा, या सगळ्याला हा कायदा शिवत नाही. तिथे शहाणपणाने वागणं हे संग्रहालयाच्याच हाती आहे.

वही स्कॅन केली तर मात्र चित्र बदलतं. आणि जुन्या वह्या स्कॅन व्हायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. दुष्काळाच्या वर्षी संग्रहालयात कोण आलं, कुठल्या गावच्या शेतकऱ्याने नांगर पाहून काय लिहिलं, हा खराखुरा इतिहास आहे. अभिलेख जतन आणि संशोधन यांना कायद्याने, ठरलेले निकष पाळण्याच्या अटीवर, सवलत दिलेली आहे. नाव, गाव, अभिप्राय राहू द्या. नंबरांच्या रकान्यावर स्कॅन करण्याआधी कागदाची पट्टी ठेवा. इतिहासाचं त्याने काही बिघडत नाही.

नवी वही

तिसऱ्या खेपेला जिल्ह्याच्या संग्रहालयात गेले तेव्हा टेबलावर नवी वही होती. पुठ्ठा तसाच लाल. आत रकाने तीन. अभिरक्षकांनी छापखान्यात जुना नमुना न देता स्वतः पट्टीने पान आखून दिलं होतं. जुन्या वह्या त्यांनी टेबलाखालून काढून ॲक्सेशन रजिस्टरच्याच कपाटात ठेवल्या आहेत, कुलपात. आधारच्या झेरॉक्स त्यांनी फाडल्या. अभ्यासकांचं आता फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार किंवा दुसरं ओळखपत्र पाहून परत देतात आणि अर्जावर ‘पाहिले’ असा शेरा मारून सही करतात.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन संग्रहालयात जाल तेव्हा अभिप्राय जरूर लिहा. आवडलं ते लिहा, खटकलं तेही लिहा, खाली नाव आणि गाव घाला. चौथा रकाना दिसला तर तो कोरा ठेवा, आणि तो कशासाठी आहे हे तिथल्या अभिरक्षकांना भेटून विचारा.